शाळा आणि गाव मिळून एक पुस्तक: खानदेशातील अनुभव

वाचन प्रेरणा दिन, म्हणजे 15 ऑक्टोबर, शाळाशाळांत उत्साहाने पार पडतो आणि दुसऱ्या दिवशी पुस्तके पुन्हा कपाटात जातात. एकच पुस्तक निवडून मुलांनी, पालकांनी आणि गावाने ते काही आठवडे मिळून वाचावे, असा उपक्रम जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात ज्यांनी केला असेल, त्यांनी वेळ कोणती ठरवली, प्रती कशा पुरवल्या आणि अडले कुठे, ते कृपया लिहावे. नुसता छायाचित्रांसह वृत्तान्त नको.

शिक्षिका, चोपडा तालुका

कापूस वेचणी सुरू झाली की पालक अंधार पडेपर्यंत शेतातच असतात, त्यामुळे ऑक्टोबर सोडून आम्ही श्रावण धरला. श्रावणात गावात पोथी लागतेच; एकाने वाचायचे, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचे, ही रीत लोकांच्या अंगवळणी पडलेली असते. मारुतीच्या सभामंडपात पोथी संपली की सातवीतल्या एका मुलीने प्रकरण वाचायचे आणि एखाद्या आजींनी ते अहिराणीत सांगायचे, असे ठरले. आपल्याला अक्षरओळख नाही म्हणून आजी मागे सरू लागल्या, तेव्हा बहिणाबाई चौधरीही निरक्षरच होत्या आणि त्यांच्या ओव्या घरातल्यांनी उतरवून घेतल्या, हे सांगावे लागले. नंतर मात्र त्यांना आवरणे कठीण झाले. प्रकरण ऐन रंगात थांबवले की मागून ‘मंग काय व्हयनं?’ असा प्रश्न हमखास येई आणि त्या प्रश्नापायी दुसऱ्या दिवशी मंडळी वेळेआधी जमत.

ग्रंथालय कार्यकर्ता, अमळनेर तालुका

आमचे ‘ड’ वर्गाचे, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीचे, सार्वजनिक ग्रंथालय आहे; एका पुस्तकाच्या दोन प्रती घेणेही अनुदानात परवडत नाही. म्हणून कथासंग्रहच निवडला, त्याची शिवण उसवली आणि एकेका कथेला जुन्या वह्यांचे पुठ्ठे लावून वेगळे शिवले. कथा सुटी झाल्यामुळे एकच पुस्तक एकाच आठवड्यात अनेक घरांत फिरले. पुस्तक फाडले म्हणून आमच्या कार्यकारिणीत एक सदस्य अजून नाराज आहेत, आणि त्यांची नाराजी मला समजते.

शिक्षक, धडगाव तालुका

दिवाळीनंतर बरीच कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात, त्यामुळे सलग कार्यक्रम इथे चालत नाही. आम्ही पुस्तक कुटुंबाबरोबर पाठवतो. मुले घरी पावरी बोलतात. वाचलेली गोष्ट पालकांना पावरीत सांगायची, एवढेच काम त्यांना दिलेले असते. स्वाध्याय किंवा प्रश्नपत्रिका जोडली असती, तर पुस्तक पिशवीबाहेर निघाले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पालक, साक्री तालुका

चोपड्याच्या बाईंच्या पद्धतीला आमच्याकडे विरोध झाला. मुलांची प्रमाण मराठी आधीच कच्ची असताना शाळेने अहिराणी कशाला आणावी, असे काही पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत विचारले. आधी छापील मजकूर जसाच्या तसा वाचायचा आणि अहिराणी फक्त चर्चेत बोलायची, यावर तडजोड झाली. विरोध करणारेच चर्चेत सर्वांत जास्त बोलतात, अर्थात अहिराणीत. पुढच्या खेपेला पुस्तक शिक्षक निवडणार नाहीत. पालक सभेत तीन पुस्तकांची पहिली दोन-दोन पाने मोठ्याने वाचून हात वर करून कौल घ्यायचा आहे.