बाबांची दुसऱ्यांदा ओपन हार्ट सर्जरी: छाती पुन्हा उघडताना इजा होऊ नये म्हणून काय करतात?

नमस्कार. बाबांची (वय ६८) पूर्वी बायपास झाली आहे. आता एओर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप) खूप अरुंद झाल्याने बदलायचा आहे. सर्जन म्हणाले, ‘रीडू (पुन्हा करायचं ऑपरेशन) आहे, धोका पहिल्यापेक्षा जास्त.’ पहिल्या ऑपरेशननंतर हृदय छातीच्या हाडाला आतून चिकटतं, त्यामुळे हाड कापताना उजवा कप्पा, महाधमनी किंवा जुना ग्राफ्ट (बायपासमध्ये जोडलेली रक्तवाहिनी) फाटू शकतो, असं त्यांनी समजावलं. बाबांचा डावा मॅमरी ग्राफ्ट (छातीच्या आतल्या धमनीचा) अजून छान चालू आहे. हृदयाच्या पुढच्या भागाचं रक्त त्यावरच अवलंबून आहे, म्हणून मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते.

पुढच्या भेटीत नेमकं काय विचारू? खोटा धीर नको, खरं सांगा.

प्रतिसाद १
मी परफ्युजनिस्ट आहे, ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन चालवतो. पहिला प्रश्न सीटी स्कॅनचा विचारा. कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या ठळक दिसण्यासाठीचं औषध) देऊन केलेल्या सीटीत हाड आणि हृदय यांत किती जागा आहे, ग्राफ्ट मधोमध आडवा येतो का, हे दिसतं. अंतर १ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर टीम जास्त सावध होते. अशा वेळी छाती उघडण्याआधीच जांघेतल्या किंवा काखेजवळच्या रक्तवाहिन्या मशीन जोडण्यासाठी तयार करून ठेवतात, कधी मशीन आधीच सुरू करतात. हृदयातला दाब उतरला की ते हाडापासून थोडं सैल पडतं, आणि इजा झालीच तरी मेंदूला रक्त मिळत राहतं.

करवतही वेगळी असते, मागेपुढे थरथरणारी. हाड जोडणाऱ्या जुन्या तारा पुढून कापतात पण बऱ्याचदा मागे तशाच ठेवतात, म्हणजे पातं आत घुसत नाही. शॉकचे पॅड आधीच अंगावर चिकटवतात, कारण हृदय मोकळं होईपर्यंत आतून शॉक देता येत नाही. रक्ताच्या पिशव्या खोलीतच हव्यात.

प्रतिसाद २
पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स आणि अँजिओग्राफीची सीडी मिळवाच. ग्राफ्ट कुठून नेलाय ते त्यात असतं. शिवाय टावी जमेल का, हे आवर्जून विचारा. जांघेतून व्हॉल्व्ह बसवला तर छाती उघडावीच लागत नाही. सगळ्यांना चालत नाही, पण चालू ग्राफ्ट असलेल्या माणसाच्या बाबतीत हा विचार व्हायलाच हवा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. सीटी झालाय, पण रिपोर्टमध्ये हाडापासूनचं अंतर लिहिलेलं नाही. ते रेडिओलॉजिस्टकडून मोजून घ्यायचं, की सर्जन स्वतः फिल्म बघून ठरवतात?