‘घरचे – नो फॉरवर्ड्स’ ग्रुप : रेवाचं पुस्तक बदलायचं का?

केतकी (ऑस्टिन): सगळ्यांना एकदाच विचारते, प्रत्येकाला वेगळा फोन करून तेच तेच सांगायची ताकद नाही. रेवाचं प्री-अल्जेब्राचं, म्हणजे बीजगणिताच्या आधीच्या गणिताचं, पुस्तक बदलायचंय. आज तिने वही भिंतीवर फेकली आणि ‘आय ॲम डंब’ म्हणत बाथरूमला कडी लावून बसली. सल्ला पुस्तकाबद्दल हवाय. ‘शाळेत घाला’ हा सल्ला मागच्या दिवाळीत सगळ्यांचा देऊन झालाय.

नाना: पाढे पाठ आहेत का? तीसपर्यंत?

सुमेध: पहिला रिप्लाय नानांचा. प्राची, शंभर रुपये काढ.

आई: कडी लावून बसू देऊ नकोस गं. जेवली का?

केतकी: जेवली आई. वरणभात. आता झोपलीय.

वैशाली: कोणतं चालू आहे गं सध्या? मंदारने सुचवलेलंच ना? अथर्वने तर ते एका सुट्टीत संपवलं होतं, हातातून खाली ठेवायचा नाही. अर्थात प्रत्येक मूल वेगळं असतं 🙂

सुमेध: ‘अर्थात प्रत्येक मूल वेगळं असतं’ हे या ग्रुपच्या डीपीवर टाकायला हवं.

केतकी: हो वहिनी, तेच. त्यात आधी अवघड गणित देतात, मुलाने त्याच्याशी झुंजायचं, समजावणं नंतर. ज्याला झुंजायला आवडतं त्याच्यासाठी उत्तमच असणार. रेवा पहिल्या ओळीलाच हात टेकते.

मंदार: पद्धत बरोबर आहे ती. झगडल्याशिवाय गणित येत नाही. आणि केतकी, वेळ कमी आहे. तुमच्याकडची साखळी बघ: आठवीत अल्जेब्रा-१, नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जेब्रा-२, अकरावीत प्री-कॅल्क्युलस, बारावीत कॅल्क्युलस. सातवीत प्री-अल्जेब्रा घसरलं की शेवटचा डबा सुटला.

केतकी: दादा, बारा वर्षांची आहे ती.

मंदार: म्हणूनच सांगतोय.

बाळकाका (नाशिक): घरी शिकवणं कायद्यात बसतं का पण? उद्या कॉलेजवाल्यांनी विचारलं तर काय दाखवणार?

केतकी: काका, टेक्सासमध्ये घरची शाळा ही खासगी शाळाच धरतात. १९९४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने तसा निकाल दिलाय. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र एवढं शिकवायला लागतं, पुस्तक कुठलं ते आपण ठरवायचं. हे मी तुम्हाला मुंजीतही सांगितलं होतं.

बाळकाका (नाशिक): मुंजीत आवाज फार होता.

नाना: पाढ्यांचं कोणी उत्तर दिलं नाही.

प्राची (न्यू जर्सी): केतकीताई, आमच्याकडे सुट्टीत बरंच काही वापरून झालंय, जमेल तसं लिहिते. सॅक्सन नावाच्या पुस्तकांमध्ये रोज नवीन मुद्दा चिमूटभर, आणि खाली तीसेक मिश्र उदाहरणं, मागचं सगळं परत परत येत राहतं. विसरणाऱ्या मुलांना बरं, पण पान भरगच्च आणि रंग नाही, चित्र नाही. मॅथ-यू-सी उलटं आहे. एक विषय घेतला की तोच, हातात ठोकळे, व्हिडिओ, आणि पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. टीचिंग टेक्स्टबुक्स ॲपवर आहे. ॲपच शिकवतं, तेच तपासतं, चुकलं तर उत्तर करून दाखवतं. आईला तपासावं लागत नाही म्हणून घरात शांतता राहते. खान अकॅडमी फुकट.

आई: सलमान खानचं काहीतरी आहे ना ते?

सुमेध: आहेच गं आई. पण दुसरा सलमान खान. २००४ मध्ये बॉस्टनला बसून मामेबहिणीला की कुठल्याशा बहिणीला फोनवर गणित शिकवायचा, त्यातून झालं ते सगळं. आपल्या घरात भावंडं फोनवर फक्त प्लॉटवरून भांडतात.

बाळकाका (नाशिक): प्लॉटचा विषय इथे नको.

प्राची (न्यू जर्सी): सॅक्सनच्या प्री-अल्जेब्राच्या एका पुस्तकाचं नाव ‘अल्जेब्रा अर्धा’ आहे, एक भागिले दोन असं छापलेलं असतं कव्हरवर.

नाना: म्हणजे निमकी, अर्ध्याचा पाढा! आम्ही तिसरीत म्हणत होतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. अमेरिकेला आता सुचलं.

मंदार: पुस्तकं दर चार महिन्यांनी बदलण्याचा तोटा कोणी बोलत नाही. प्रत्येकाचा क्रम वेगळा असतो. एकात जे पुढे येणार असतं ते दुसऱ्यात होऊन गेलेलं असतं, आणि मधलं कुठेच होत नाही.

केतकी: हा मुद्दा मान्य. म्हणून तर विचारतेय. आणि दादा, दर चार महिन्यांनी नाही बदललेलं. हे एकच चालू आहे, तुझंच.

वैशाली: ‘तुझंच’ म्हणजे? विचारलंस म्हणून सांगितलं त्याने.

आई: अगं तसं नाही म्हणायचं तिला.

रोहन (ऑस्टिन): 👍

सुमेध: जिजू, कशाला 👍?

केतकी: अजून एक. काल आमचं भांडण यावरून झालं: २४ ÷ ४ × २. तिने ३ उत्तर काढलं. इथे क्रियांचा क्रम लक्षात ठेवायला ‘पेमडास’ शिकवतात, त्यात गुणाकार आधी येतो, म्हणून तिने ४ × २ आधी केलं. मी म्हटलं आमचं कंचेभागुबेव, भागाकार आधी, उत्तर १२. ती म्हणाली, तुझा रूल इंडियन आहे.

मंदार: १२ बरोबर. कंचेभागुबेव बरोबर.

नाना: अर्थात. आपली पद्धत शास्त्रशुद्ध.

शुभाआत्या (सांगली): आत्ताच देवळातून आले. अहो काय चाललंय? उत्तर १२ बरोबर, पण कंचेभागुबेव मुळे नव्हे. भागाकार-गुणाकार एकाच पायरीचे, डावीकडून जो आधी येईल तो आधी. बेरीज-वजाबाकीचंही तेच. मंदार, तुझ्या कंचेभागुबेवने १० − ४ + ३ करून दाखव. बे आधी, व नंतर. ४ + ३ आधी केलंस तर १० − ७ = ३ येतं. खरं उत्तर ९. दोन्हीकडची मुलं आद्याक्षरांच्या नादात तशीच फसतात. माझ्या वर्गात दरवर्षी फसायची.

मंदार: ते गृहीतच आहे ना, डावीकडून.

शुभाआत्या (सांगली): तुला गृहीत आहे. रेवाला कोणी सांगितलं नसेल.

नाना: शुभा, तुमच्या बालभारतीनेच मुलांची वाट लावली. वीस दोन म्हणे! बावीस म्हणायला जड जातं?

शुभाआत्या (सांगली): नाना, २०१९ पासून तुम्ही हे दर लग्नात काढता. ते दुसरीच्या पुस्तकात होतं, आणि जुने शब्द काढलेच नव्हते, जोडीला दुसरी रीत दिली होती. मंगलाताई नारळीकरांसारखी गणितज्ञ बाई त्या समितीवर होती. पान न उघडता विधानसभेपर्यंत आरडाओरडा गेला. आता रेवाचं बघू द्या. केतकी, वहीचा फोटो टाक. पुस्तकाचं नंतर.

नाना: मी पान उघडलं होतं.

वैशाली: मला वाटतं एखाद्या चांगल्या ट्यूटरकडे टाकलं तर

वैशाली: *हा मेसेज डिलीट केला आहे*

मंदार: आठवीत अल्जेब्रा-१, नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जेब्रा-२. परत लिहितोय, कारण हा मुद्दा मागे पडतोय.

शुभाआत्या (सांगली): केतकी, वहीचा फोटो. छापील पान नको, तिने केलेलं.

केतकी: 📷 फोटो
📷 फोटो
खोडलेलंही दिसतंय बघ. फाडलेलं पान चिकटवून काढलाय.

आई: अक्षर किती सुंदर आहे गं तिचं.

शुभाआत्या (सांगली): थांबा जरा. चष्मा आणते.

शुभाआत्या (सांगली): बघा आता सगळ्यांनी, तिसरं उदाहरण. क्ष/३ + १/४ = ५/६. पोरीने काय केलंय? १/४ पलीकडे नेला, चिन्ह बदललं. बरोबर. शेवटी दोन्ही बाजूंना ३ ने गुणलं. तेही बरोबर. म्हणजे समीकरण कसं सोडवायचं हे तिला चक्क कळलंय. चुकलं कुठे? ५/६ मधून १/४ वजा करताना तिने वरचं वरच्यातून आणि खालचं खालच्यातून वजा केलं: ४/२, म्हणजे २. मग क्ष = ६. खरं म्हणजे १०/१२ − ३/१२ = ७/१२, आणि क्ष = ७/४. वरच्या उदाहरणात २/३ + १/४ = ३/७ लिहिलंय, तीच चूक. आणि −३ − (−५) = −८. तिथे दोन वजाबाक्या पाहून घाबरलीय.
बीजगणित येतंय तिला. अपूर्णांक येत नाहीत. कुठलंही प्री-अल्जेब्रा आणून दिलंस तरी ती याच जागी अडखळणार, आणि दोष क्ष ला देणार.

केतकी: आत्या 😶 मी इतके दिवस समीकरणंच परत परत समजावतेय.

सुमेध: आत्याला ग्रुप ॲडमिन करा.

नाना: म्हणजे मी म्हणतो तेच. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड. निमकी-पाऊणकी पाठ असती तर अपूर्णांक अडले नसते.

शुभाआत्या (सांगली): पाठ असणं चांगलंच नाना, माप डोक्यात बसतं. पण पाऊणकी म्हणून २/३ आणि ३/४ ची बेरीज येत नाही. त्याला लसावि लागतो, आणि छेद म्हणजे काय हे कळावं लागतं. केतकी, उद्या तिला चूक दाखवू नकोस. एवढंच विचार: ३/७ हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? आणि २/३? मग गप्प बस. हे तुला अवघड जाईल.

मंदार: आत्या, अपूर्णांक पाचवी-सहावीचा विषय. मागे जायचं म्हणजे वर्ष गेलं.

शुभाआत्या (सांगली): सगळी पाचवी परत करायला कोण सांगतंय? तेवढाच धडा.

प्राची (न्यू जर्सी): मॅथ-यू-सीमध्ये ‘एप्सिलॉन’ नावाची पातळी पूर्ण अपूर्णांकांचीच आहे, त्यानंतर ‘झीटा’मध्ये दशांश आणि टक्के, मग प्री-अल्जेब्रा. कुठून सुरू करायचं त्याची चाचणी बहुतेक प्रकाशकांच्या साइटवर फुकट मिळते, इयत्ता बघून कोणी पुस्तक घेऊ नये. फक्त त्यांची रंगीत पट्ट्यांची पेटी बारा वर्षांच्या मुलीला ‘बेबीश’ वाटू शकते. माझ्या धाकटीला वाटली.

केतकी: नक्की वाटेल हिलाही.

वैशाली: मग फारच मागे जाणार का ती? म्हणजे मला काळजी वाटली म्हणून.

केतकी: काळजी पोचली वहिनी.

आई: मुलींनो.

शुभाआत्या (सांगली): बालभारतीचं सहावीचं गणित इंग्रजी माध्यमातही आहे, पीडीएफ फुकट उतरवता येते. पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरील क्रिया, मसावि-लसावि, समीकरणे, सगळं एकाच पुस्तकात. उदाहरणं थोडी, पानं आटोपशीर. त्यातले पहिले तीन धडे करा. पुढे काय घ्यायचं ते नंतर बघू.

*(दुसऱ्या दिवशी)*

केतकी: विचारलं. तुम्ही सांगितलंत तसंच, आणि गप्प बसले (रोहन साक्षीला आहे). २/३ अर्ध्यापेक्षा जास्त, हे पटकन सांगितलं. ३/७ वर वेळ घेतला, मग म्हणाली अर्ध्यापेक्षा कमी. मग स्वतःच वहीकडे बघत बसली आणि म्हणाली, ‘वेट, मी ॲड केलं आणि ते स्मॉलर झालं?’

रोहन (ऑस्टिन): 👍

शुभाआत्या (सांगली): झालं तर मग. शाबास म्हण तिला माझ्याकडून.

केतकी: हसली आत्या. गणिताच्या वहीवर बऱ्याच दिवसांनी हसली. तर ठरवलंय असं: जाड पुस्तक कपाटात. सहावीचे ते तीन धडे आत्याबरोबर व्हिडिओवर. ते झाले की चाचणी, आणि मग टीचिंग टेक्स्टबुक्सचे सुरुवातीचे फुकट धडे बघू, तिला झेपलं आणि आवडलं तर तेच. तपासायचं काम माझ्याकडून गेलेलं बरं, आमच्या दोघींसाठी.

मंदार: ठीक आहे. पण वेळापत्रक लिहून ठेव. आठवीत अल्जेब्रा-१

सुमेध: नववीत जॉमेट्री 🙏

मंदार: चेष्टा सोपी असते सुमेध. अथर्वच्या वेळी आम्हीही रात्री जागलोय.

केतकी: माहितीये दादा. खरंच. नववीत अल्जेब्रा-१ झालं तरी मला चालेल, एवढंच म्हणतेय.

नाना: अप्पा बळवंत चौकात जाणारच आहे, सहावीचं पुस्तक आणतो. सोबत अंकलिपी पण. त्यात औटकीपर्यंत सगळं असलं पाहिजे, दुकानदाराला विचारून घेईन.

केतकी: नाना, पीडीएफ आहे ना.

नाना: पीडीएफवर पेन्सिल चालत नाही.

शुभाआत्या (सांगली): हे मात्र बरोबर बोललात. केतकी, बुधवारी माझ्याकडे संध्याकाळी साडेसात, तुमच्याकडे सकाळचे नऊ. वही-पेन्सिल घेऊन बसव, तुझी खुर्ची दुसऱ्या खोलीत ठेव.

वैशाली: पुस्तक पाठवायचं कसं? कुरिअर फार महाग आहे, आम्ही मागे अथर्वच्या मित्राला पाठवलं होतं.

आई: मी येतेच आहे की पुढच्या महिन्यात. बॅगेत दीड किलो शिल्लक आहे. पण भाजणी आणि मेतकूट आधी, मग अंकलिपी.

बाळकाका (नाशिक): आमचा चिवडा पण द्यायचाय. अर्धा किलो धरा.

सुमेध: निमकी.