अंपायर स्टीव्ह बकनरला पर्थ टेस्टमधून काढलं ते बरोबर होतं का?

सांगलीकर: परवा 2008 ची आपली ऑस्ट्रेलियाविरुद्धची सिडनी टेस्ट परत बघितली आणि परत तेवढाच राग आला. त्यांचा सायमंड्स 30 वर, इशांतच्या बॉलला बॅटची कड लागली, आवाज घरी टीव्हीवर ऐकू आला, आणि बकनर नॉट आउट म्हणून तसाच उभा. तो पुढे 162 नाबाद. शेवटच्या दिवशी द्रविड 38 वर खेळतोय, बॅट पॅडच्या मागे, बॉल लागला पॅडला, आणि याचं बोट वर! 122 रननी हरलो. आयसीसीने पुढच्या पर्थ टेस्टला याच्या जागी बिली बाउडनला आणलं ते योग्यच केलं.

स्क्वेअरलेग: अजिबात पटत नाही. 1992 ते 2007 सलग पाच वर्ल्ड कप फायनलला उभा राहिलेला माणूस, 100 टेस्ट करणारा पहिला अंपायर, त्याला भारतीय बोर्डाच्या दबावाखाली मालिकेच्या मध्ये काढायचं? आणि सिडनीत गांगुलीचा तो जमिनीलगतचा कॅच त्यांच्या कॅप्टनला, पाँटिंगला विचारून आउट दिला तो दुसऱ्या अंपायरने, बेन्सनने, बकनरने नाही. शिव्या मात्र सगळ्या याच्या नावावर.

माधुरी_ठाणे: सिडनी सोडा हो, 2003 चं ब्रिस्बेन आठवा. गिलेस्पीचा बॉल सचिनने सोडला, तो स्टंपच्या कितीतरी वरून जात होता तरी पायचीत, शून्यावर. 2005 ला कोलकात्याच्या ईडनवर पाकिस्तानच्या रझ्झाकच्या बॉलला सचिनची बॅट लागलीच नव्हती तरी कॅच. एकाच माणसाच्या बाबतीत दोनदा झाल्यावर आम्ही काय समजायचं?

अप्पा: मी 20 वर्षं क्लब मॅचना पंचगिरी करतोय म्हणून सांगतो. बॉलरचा पाय रेषेच्या आत पडला का ते आधी बघायचं, मग नजर वर उचलायची, तेवढ्यात बॉल बॅटजवळ पोचलेला असतो. त्यात ईडनचा गलका, कड ऐकू येणार कशी? डीआरएस, म्हणजे अंपायरचा निर्णय टीव्हीवर तपासून घ्यायची सोय, आलं 2008 च्या मध्यावर, तेही श्रीलंकेतल्या आपल्याच मालिकेत. बकनरकडे काय होतं तर दोन डोळे, दोन कान.

सांगलीकर: अप्पा, तुमचा मान राखून सांगतो, मदत हाताशी असताना त्याने घेतली नाही हा माझा मुद्दा आहे. 1992 ला जोहान्सबर्गला टीव्हीवर रिप्ले बघून सांगणारा थर्ड अंपायर नुकताच सुरू झाला होता, दक्षिण आफ्रिकेचा जाँटी ऱ्होड्स रनआउट होता तरी याने विचारलंच नाही, जाँटीने 91 मारले. 2007 च्या फायनलमध्ये अंधारात उगाच खेळवलं, त्यावरून सगळ्या पंचांना टी-20 वर्ल्ड कपमधून बाहेर ठेवलं. मग सिडनीपर्यंत वाट कशाला बघायची?

स्क्वेअरलेग: म्हणजे तुम्हीच म्हणताय की नेमणाऱ्यांची चूक. मग शिक्षा एकट्या त्याला का? आणि पुढे त्याने 2020 ला रेडिओवर स्वतःहून कबूल केलं की सचिनला दोन्ही वेळा चुकीचं आउट दिलं. किती अंपायर असं बोलतात?

माधुरी_ठाणे: ते कबूल केलेलं वाचलं तेव्हा माझा राग निम्मा गेला, खरंच. पण द्रविडचं ते आउट अजून नाही विसरता येत.