होडीतल्या स्टिरिओला वेगळी बॅटरी हवीच
होडीत स्टिरिओसाठी गाडीचीच बॅटरी लावा, स्वस्तात काम होतं असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटलं नाही. ती सेल्फ मारताना काही सेकंद जोरात करंट द्यायला बनवलेली असते, प्लेटा पातळ असतात, रोज तास न् तास उतरवलीत तर लवकरच बसते. डीप सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा खोलवर उतरवायला बनवलेली, एजीएम (ॲसिड मॅटमध्ये शोषलेली, सीलबंद) बॅटरी घ्या आणि तीही निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नका, म्हणजे १०० एएचमधले (अँपिअर-तासांमधले) ५०च आपले, अँप्लिफायर सरासरी १० अँपिअर खात असेल तर साधारण पाच तास. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १०० पैकी ८० वापरता येतात, वजनही निम्म्याहून कमी, पण महाग आणि चार्जर तिच्यासाठीचाच लागतो.

पण खरा मुद्दा कुणीच काढला नाही. आमच्या होडीत इंजिनाला आणि स्टिरिओला एकच बॅटरी होती. गोव्यात मांडवी नदीत बेतीसमोर नांगर टाकून दोन-तीन तास गाणी लावली आणि संध्याकाळी इंजिन काही केल्या चालू होईना, ओहोटी लागलेली, बरोबर भाचरं, शेवटी एका मासेमारीच्या होडीने ओढत आणलं. त्या दिवशी जीव खरंच घाबरला होता. तेव्हापासून दोन बॅटऱ्या, मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच), म्हणजे इंजिन बंद होऊन व्होल्टेज उतरलं की दोघींचा संबंध तुटतो. आणि छोट्या आउटबोर्डच्या (होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाच्या) चार्जिंगवर विसंबू नका, कमी आरपीएमवर ते फार थोडं देतं, घरूनच पूर्ण चार्ज करून न्या. फ्यूज बॅटरीजवळच हवा, वायर कल्हई केलेल्या तांब्याची, साधी वायर आपल्या खाऱ्या हवेत आतून हिरवी पडते.