बाबांची सहा वर्षं चालू असलेली ॲसिडिटीची कॅप्सूल बंद कशी करू? मदत हवी आहे

मंडळी, थोडं लांबण लागणार आहे.

बाबा ७१ वर्षांचे. आई-बाबा विट्याला असतात, मी पुण्यात. बाबा एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे जेवणाच्या वेळा जन्मभर ड्युटीप्रमाणे. तरी पोटाची तक्रार अशी कधी नव्हती. २०१९ च्या पावसाळ्यात गुडघा धरला तेव्हा डॉक्टरांनी दहा दिवस दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि पोटाला त्रास नको म्हणून सोबत एक कॅप्सूल. पॅन्टोप्राझोल ४० आणि डॉम्पेरिडोन ३० एकत्र असलेली. दुखण्याच्या गोळ्या दहा दिवसांत संपल्या, कॅप्सूल अजून चालू आहे. चालू ठेवा असं कोणी सांगितलं नाही, बंद करा असंही नाही. चिठ्ठी कधीच हरवली. बाबा रिकामी पट्टी शर्टाच्या खिशात घालून दुकानात जातात आणि "ही द्या" म्हणतात. मिळते.

दिवाळीत मी घरी गेले तर बाबा तळपायाला मुंग्या येतात म्हणत होते. रक्त तपासलं, बी-१२ फक्त १३८. इंजेक्शनं सुरू झाली. मग मी नेटवर वाचलं की या गोळ्यांनीही बी-१२ कमी होतं, आणि त्याच दिवशी डब्यातल्या सगळ्या पट्ट्या उचलून ठेवल्या.

तिसऱ्या रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा. बाबा ओट्याला टेकून उभे, गुलाबी पातळ औषधाची बाटली तोंडाला लावलेली, चमचा वगैरे काही नाही. आंबट पाणी घशाशी येत होतं, आडवंच होता येईना. सकाळी मला म्हणाले, "तुझी डाक्टरकी पुण्यात कर." कॅप्सूल परत सुरू.

म्हणजे ही आता मरेपर्यंत घ्यायची का? बंद केल्यावर इतका त्रास झाला म्हणजे आजार खरंच आहे, की गोळीची सवय लागली आहे? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेणार आहे, तिथं काय विचारू तेही सांगा.

माळावरची
ताई, माझंही अस्संच झालं होतं. मी चार वर्षं घेत होते, एकदम सोडली आणि आठ दिवस छातीत नुसती आग. मला वाटलं अल्सरच झाला. नंतर डॉक्टरांनी समजावलं. ही गोळी जठरात आम्ल सोडणारे पंपच बंद करते. पोट मात्र गप्प बसत नाही, आम्ल कमी पडतंय म्हणून आतून जोर वाढवत राहतं. गोळी सुटली की तो साठलेला जोर बाहेर येतो. म्हणजे बाबांना त्या रात्री झालं त्यावरून मूळ आजार आहेच असं ठरत नाही. मी आधी ४० ची २० केली, मग दिवसाआड, मधल्या दिवशी जळजळ झाली तर पातळ अँटासिड. दोनेक महिने गेले, पण सुटली.

खवय्या
गोळ्याबिळ्या सोडा. ओवा आणि सैंधव. नाहीतर खायचा सोडा चिमूटभर पाण्यात, दोन मिनिटांत ढेकर.

माळावरची
खवय्ये, सोड्यात सोडियम असतं. बीपीवाल्या माणसाला रोज सोडा पाजू नका. ढेकर आली म्हणजे बरं झालं असं नसतं.

काउंटरपलीकडून
मी सतरा वर्षं औषधाच्या दुकानात बसते, त्यामुळे रिकामी पट्टी घेऊन येणारे बाबा रोज बघते. (आणि कबूल करते, आम्हीही देतो.) दोन प्रश्न. कॅप्सूल कधी घेतात? आणि बाकी काय काय गोळ्या चालू आहेत? एकूण एक सांगा. आईला फोनवर पट्ट्यांवरची नावं वाचायला लावा.

धागाकर्ती
कॅप्सूल चहा-चपाती झाल्यावर घेतात, नऊच्या सुमारास. आईनं डबा पालथा करून वाचून दाखवलं. शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची एक, कोलेस्टेरॉलची एक आणि रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन ७५. तीन वर्षांपूर्वी हृदयाला स्टेंट बसवलाय. हे मूळ धाग्यात लिहायला हवं होतं, चुकलंच. आणि गादीखाली डायक्लोफेनॅकची, म्हणजे दुखण्याच्या गोळीची, अर्धी पट्टी सापडली. "गुडघा बोलायला लागला की घेतो," म्हणे. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

काउंटरपलीकडून
मग ताई, तुमचा प्रश्नच बदलला. परत स्वतःहून बंद करू नका.

सत्तरी ओलांडलेला माणूस, रोज ॲस्पिरिन, वर अधूनमधून डायक्लोफेनॅक. अशा पोटातून रक्तस्राव व्हायची भीती असते, आणि तो होऊ नये म्हणूनच पॅन्टोप्राझोलसारखी गोळी देतात. २०१९ ला दहा दिवसांसाठी दिलेली गोळी स्टेंटनंतर खरोखरीच कामाची झाली, फक्त तसं कोणी सांगितलं नाही. आधी जायला हवी ती गादीखालची पट्टी. ती स्टेंटवाल्याच्या हृदयालाही चांगली नाही.

डॉक्टरांना विचारायचं ते डॉम्पेरिडोनबद्दल. ते मळमळ-उलटीचं औषध आहे, आम्लाशी त्याचा संबंध नाही. काही जणांत हृदयाचे ठोके बिघडवतं, साठीपुढे धोका जास्त. २०१४ मध्ये युरोपात त्यावर बंधनं आली, एरवी आठवड्याभरापेक्षा जास्त देऊ नये म्हणून. आपल्याकडे दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये असल्यामुळे एक चालू ठेवलं की दुसरं आपोआप चालू राहतं. नुसतं पॅन्टोप्राझोल मिळतं, डोस किती ते डॉक्टर ठरवतील.

वेळ पण चुकतेय. नाश्त्याआधी अर्धा तास तरी घ्यायला हवी. खाल्लं की पंप कामाला लागतात आणि चालू पंपच ही गोळी नीट बंद करते. जेवून घेतली तर तितका उपयोग होत नाही.

आणि बी-१२ चं सगळं खापर तिच्यावर नको. अन्नातलं बी-१२ सुटायला आम्ल लागतं हे खरं, पण मेटफॉर्मिननंही ते कमी होतं. बाबा शाकाहारी आहेत का?

धागाकर्ती
माळकरी आहेत.

काउंटरपलीकडून
झालं, मग तिन्ही बाजूंनी: ही गोळी, मेटफॉर्मिन आणि शाकाहार. इंजेक्शनं संपली की परत तपासा. सोबत मॅग्नेशियमही तपासायचं का विचारा, तेही काही जणांत उतरतं.

सदाशिव_पेठी
हेलिकोबॅक्टर पायलोरीची (जठरात राहून अल्सर करणारा जंतू) तपासणी झालीय का? २००५ चं नोबेल ज्या जंतूवर मिळालं तो हाच. बॅरी मार्शलनं तर पटवून द्यायला १९८४ मध्ये स्वतःच जंतूंचं पाणी पिऊन जठराला सूज आणून दाखवली होती. तो असेल तर अँटिबायोटिकनं जातो. मात्र श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची तर त्याआधी दोन आठवडे ही गोळी थांबवावी लागते, नाहीतर असून दिसत नाही. आता बाबांची गोळी थांबवायची की नाही ते डॉक्टरांनाच विचारा.

माळावरची
आणि ताई, शौच डांबरासारखं काळं झालं, घास अडकायला लागला, वजन उतरलं, तर आठवडाभर थांबू नका. छातीत दुखून घाम फुटला तर ॲसिडिटी समजून ती गुलाबी बाटली शोधत बसू नका, थेट दवाखाना.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो. पट्ट्या, रिपोर्ट, गादीखालचा ऐवज, सगळं पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ओतलं. त्यांनी डॉम्पेरिडोन काढलं, नुसती पॅन्टोप्राझोल २० दिली, सकाळी उपाशीपोटी. ॲस्पिरिन आहे तोवर ही राहील म्हणाले. डायक्लोफेनॅक बंद, गुडघ्याला लावायचं मलम आणि फारच दुखलं तर पॅरासिटामॉल. एन्डोस्कोपीचं सध्या नको, पण हिमोग्लोबिन बघायला सांगितलं.

एकच राहिलंय. रात्री आडवं झाल्यावर अजून थोडं आंबट वर येतं म्हणतात. डोस कमी केल्यामुळे का?

काउंटरपलीकडून
थोडे दिवस होईल, महिन्याभरानंतरही राहिलं तर परत दाखवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा, नुसती उशी वाढवून मान दुखते. रात्रीचं जेवण किती वाजता होतं?

धागाकर्ती
साडेनऊ. मालिका संपल्यावर.

काउंटरपलीकडून
आणि झोपतात कधी?

धागाकर्ती
पावणेदहा.