अनुभव धागा: युद्धातल्या युक्रेनमध्ये शिकताना

२४ फेब्रुवारी २०२२ नंतर बंकर आणि 'ऑपरेशन गंगा'ची विमानं बातम्यांत भरपूर दिसली. तिथे डॉक्टर व्हायला गेलेल्या आपल्या मुलांच्या डिग्रीचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही. तिथल्या सरकारी विद्यापीठांत शिकलेल्यांनी लिहा, घरच्यांनीही लिहा. एजंटांना शिव्या नंतर घालू.

सुमी, तेव्हा चौथं वर्ष:
रशियाची सीमा जवळ, त्यामुळे आम्ही लगेच अडकलो. हॉस्टेलचं पाणी गेल्यावर बादल्या घेऊन बाहेरचा बर्फ गोळा केला. बादलीभर बर्फाचं जेमतेम तांब्याभर पाणी, तेही गढूळ. फडक्याने गाळायचं, उकळायचं. ८ मार्चला बसने पोल्टावा, पुढे रेल्वेने ल्विव्ह, मग पोलंड. घरी येऊन बॅग रिकामी करतोय तोवर ऑनलाइन तास सुरू! फार्माकॉलॉजीच्या मॅडम तळघरात बसून शिकवायच्या. सायरन झाला की कॅमेरा बंद, थोड्या वेळाने पुन्हा हजर, आणि आधी आमची हजेरी. मला तर कॅमेरा चालू ठेवायची लाज वाटायची. मागे आमचा पंखा, सोफा, सगळं शाबूत.

खारकीव्हच्या विद्यार्थ्याचा बाप:
२ मार्चला पोरं शहराबाहेरच्या पिसोचिनपर्यंत चालत गेली, ते सगळ्यांनी पाहिलं. आमची झोप उडाली ती नंतर. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१च्या नियमानुसार परदेशातलं शिक्षण किमान ५४ महिन्यांचं आणि एकाच संस्थेत हवं. म्हणजे कॉलेज बदलता येईना, आणि ऑनलाइन प्रॅक्टिकल धरेनात. सप्टेंबर २०२२मध्ये आयोगाने 'अकॅडमिक मोबिलिटी' मान्य केली: शिकायचं दुसऱ्या देशात, डिग्री मूळ विद्यापीठाची. मुलगा जॉर्जियाला गेला. कर्जाचा हप्ता कुठल्याच नियमाने थांबला नाही.

पश्चिम युक्रेन, परत गेलेली:
आईने अबोला धरला, तरी गेले. पेशंटला हात न लावता डॉक्टर व्हायचं नव्हतं. २०२२च्या हिवाळ्यात वीजकेंद्रांवर हल्ले झाले, वीज वेळापत्रकाने यायची. अलार्म झाला की सगळा वर्ग खाली. सर उरलेली केस तिथेच उभ्याने पूर्ण करायचे, वेळ वाया घालवणं त्यांना मंजूरच नव्हतं. क्रोक-२, म्हणजे तिथली डॉक्टरकीची सरकारी परीक्षा दिली, पास झाले. आता एफएमजीईची, म्हणजे परदेशात शिकलेल्यांना भारतात डॉक्टरकी करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेची तयारी चालू आहे. मार्कशीट कशा मागवायच्या ते कुणाला हवं असेल तर विचारा, रात्री सविस्तर लिहिते.