कल्पित धर्मांना पुजारी भरपूर, भाविक कुठे आहेत?

पानगळ:
फँटसी लिहिणारे नवं जग उभं करतात, नकाशे काढतात, भाषा रचतात. धर्माची वेळ आली की हात हमखास मध्ययुगीन रोमन चर्चकडे जातो. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनच्या कादंबरीमालेतला सात देवांचा पंथ घ्या. एकाच देवाची सात रूपं, आणि ही कल्पना ख्रिस्ती त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) घेतल्याचं त्याने स्वतःच सांगितलंय. वर पोपसारखा मुख्य धर्मगुरू, दिमतीला धर्मासाठी लढणारे सशस्त्र पंथ. फिलिप पुलमनने तर 'हिज डार्क मटेरियल्स'मध्ये थेट कॅल्विनला, म्हणजे पोपविरोधी प्रोटेस्टंट सुधारकालाच, पोप करून पोपची गादी जिनिव्हाला हलवली!
उसनवारीबद्दल माझी तक्रार नाही. पण उसनं घेतात काय? गादी, झगे, कारस्थानं आणि छळाची यंत्रणा. आजारी पोराच्या उशाशी बसलेली बाई देवाला काय म्हणते, ते कुणी लिहीत नाही. खऱ्या धर्माला धरलेल्या या आरशात देऊळ दिसतं, आतला माणूस नाही.

निशाचर:
मार्टिनचंच उदाहरण देऊन तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय. दुसऱ्या खंडात कॅटलिन, युद्धात अडकलेल्या घराण्यातली एक आई, एका खेड्यातल्या साध्या प्रार्थनागृहात जाते. मूर्ती नाहीत, भिंतीवर कोळशाने काढलेले ओबडधोबड चेहरे. सात रूपांपैकी योद्ध्याकडे ती बघते तर तिला त्यात स्वतःचा मुलगा दिसतो आणि त्याचे शत्रूही. मातेच्या चेहऱ्यात वैरीण राणी दिसते, कारण तीही आईच. आता यात झगे आणि कारस्थानं कुठे आहेत?

पानगळ:
प्रसंग सुरेख आहे, मान्य. पण हजारो पानांत असे किती? आणि त्याच कथेत लाल देवाचे पुजारी मेलेला माणूस उठवून दाखवतात. देव असा रोकडा पुरावा देणार असेल, तर श्रद्धेला काम काय उरलं? खऱ्या जगातला भाविक पुराव्याशिवाय तग धरतो, अवघड ते आहे.

चकवा:
मग प्रॅचेटचं 'स्मॉल गॉड्स' (१९९२) वाचा. ओम नावाचा महान देव पृथ्वीवर अवतरतो तो एकाक्ष कासव होऊन, कारण एवढ्या अवाढव्य धर्मराज्यात त्याला मनापासून मानणारा एकच उरलाय: बागेत राबणारा एक अडाणी शिकाऊ भिक्षू. बाकी सगळ्यांची श्रद्धा धर्मपीठावर आणि छळकोठडीच्या भीतीवर. म्हणजे पानगळ यांची तक्रार लेखकाने तीस वर्षांपूर्वीच कादंबरी करून मांडली आहे, तीही हसवत.

उलटतपासणी:
तुम्ही सगळे युरोपभोवतीच पिंगा घालताय. उर्सुला ल ग्विनचं अर्थसी हे कल्पित जग बघा, तिथला समतोलाचा विचार सरळ ताओ या चिनी तत्त्वज्ञानाकडून आलाय. 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'मध्ये (१९७१) पुजारीण मेली की त्याच रात्री जन्मलेली मुलगी शोधायची आणि तीच पुन्हा जन्मली असं मानायचं. दलाई लामांच्या शोधाची आठवण होतेच. पण लेखिकेला त्या मुलीचं काय होतं त्यात रस आहे: नाव काढून घेतात, आईबाप सुटतात, अंधारातल्या अनाम शक्तींची चाकरी तेवढी उरते.
आरसा धोकादायक कधी होतो, हा मला जास्त महत्त्वाचा प्रश्न वाटतो. सी. एस. लुईसच्या नार्निया या मुलांच्या कादंबऱ्यांत सिंह म्हणजे उघड उघड ख्रिस्त. समोर कॅलोरमेन या शत्रुदेशाचे लोक, पगडी आणि वाकड्या तलवारींचे, त्यांचा देव गिधाडाच्या तोंडाचा आणि बळी मागणारा. कुणाचं व्यंगचित्र आहे ते लहान मुलालाही कळतं. गाय गॅव्हरिएल केने 'द लायन्स ऑफ अल-रसान'मध्ये (१९९५) शहाणपणा केला. स्पेनचे ख्रिस्ती, मुसलमान, ज्यू घेतले, पण कुणाला सूर्य दिला, कुणाला तारे, कुणाला चंद्र. वाचक आधीच बाजू घेऊन बसू शकत नाही.

चकवा:
त्याला शहाणपणा म्हणता? मला ती पळवाट वाटते. ज्यूंचं धर्मशास्त्र, नियम, वादविवाद सगळं गाळलं की उरतो फक्त छळ सोसणारा समाज. सूर्य-चंद्रासाठी माणसं एकमेकांची गावं का जाळतात, हे कळायला श्रद्धेचा आशय लागतो. लुईस पक्षपाती आहे खरा, पण तो काय मानतो हे तरी कळतं.

निशाचर:
टॉल्किन विसरलात. १९५३च्या एका पत्रात तो आपलं महाकाव्य, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', मुळात धार्मिक आणि कॅथलिक असल्याचं म्हणतो, आणि पुस्तकात देऊळ जवळपास नाहीच! फारामिर या सेनानीची माणसं जेवणाआधी उठून पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर गप्प उभी राहतात, तेवढंच. कथेचा नायक फ्रोडो याला आपण गावंढळ असल्यासारखं वाटतं, कारण त्याच्या हॉबिट या बुटक्या जमातीकडे तेवढंही नाही. पुजारी नाही, ग्रंथ नाही, तरी श्रद्धा आहे. पानगळ, हेच मागत होतात ना?

पानगळ:
नाही. ते सैनिक एका बुडालेल्या साम्राज्याची आठवण काढताहेत. त्यांच्यातल्या एकालाही शंका येत नाही, कुणी देवावर रुसत नाही, कुणी नवस फेडायचा विसरत नाही. चकवांच्या कासवाला मात्र मी गुण देतो. तिथे निदान देवालाच भक्ताची गरज पडते आणि दोघं भांडतात.